पाठीपुरता वैद्य

अमेरिकेच्या आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी डॅव्हनपोर्ट नावाचे शहर आहे. तेथे १८ सप्टेंबर १८९५ रोजी डॅनिएल डेव्हिड पामर या गृहस्थाने हार्वी लिलार्ड नावाच्या एका सफाई कामगाराच्या पाठीतला वर आलेला मणका हाताने दाबून जागेवर बसवला आणि सतरा वर्षे बहिऱ्या असलेल्या लिलार्डला ऐकू येऊ लागले, असे कायरोप्रॅक्टिक या उपचारपद्धतीचे जन्माख्यान सांगते. पामर डॉक्टर नव्हता. कॅनडात जन्मलेला, मास्तरकी आणि किराणा दुकान करून झालेला हा माणूस त्या काळी अंगातल्या चुंबकीय शक्तीने हात फिरवून रोग घालवण्याचा व्यवसाय करीत होता. ऐकण्याची नस कवटीच्या आतूनच मेंदूला जाऊन मिळते, पाठीच्या मणक्यांतून ती जातच नाही. तेव्हा पाठ दाबून बहिरेपण गेले ही गोष्ट शरीररचनेचे प्राथमिक पुस्तक वाचलेल्या कुणालाही पटणारी नव्हती. पामरने मात्र या एका घटनेवरून सिद्धांत रचला. मणके जागचे हलले की नसांवर दाब येतो, त्यामुळे शरीराची उपजत शक्ती अडते आणि रोग होतो. शेकडा पंच्याण्णव रोगांचे मूळ हेच, असे त्याचे म्हणणे. १८९७ मध्ये त्याने याच शहरात शाळाही काढली.

हा सिद्धांत पुराव्यापुढे टिकला नाही. व्यवसाय मात्र टिकला, आणि नुसता टिकला नाही तर वाढला. आज अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क अशा देशांत कायदेशीर नोंदणी असलेले हजारो कायरोप्रॅक्टर काम करतात, आणि अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत ते डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसतात. याचा अर्थ दोन सोप्या पद्धतींनी लावला जातो. टीकाकार म्हणतात, पाया खोटा तर इमारतही खोटीच, आणि लोक भोळे आहेत म्हणून ती उभी आहे. भक्त म्हणतात, एवढा विरोध होऊनही पद्धत टिकली, म्हणजे तिच्यात सत्य असलेच पाहिजे. मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. गेल्या सव्वाशे वर्षांचा पुरावा तिसरीच गोष्ट सांगतो. हा व्यवसाय आपल्या सिद्धांतामुळे विश्वासाला पात्र झाला नाही, तसा विरोधकांना पुरून उरल्यामुळेही नाही. त्याने आपले दावे जसजसे आवरते घेतले, तसतसा तो विश्वासार्ह होत गेला. जेथे दावे आवरले गेले नाहीत तेथे तो आजही धोक्याचा आहे. चांगला कायरोप्रॅक्टर कसा घडतो, याचे उत्तर म्हणूनच त्याच्या हातांच्या कसबापेक्षा कशाला हात लावायचा नाही या शिकवणीत अधिक सापडते.

मग चुकीचा सिद्धांत इतकी वर्षे तगला कसा? त्याला आधार दवाखान्याने दिला नव्हता, न्यायालयाने दिला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वैद्यकीचा परवाना नसताना उपचार करणाऱ्यांवर खटले भरले जाऊ लागले. १९०६ मध्ये खुद्द पामरला याच गुन्ह्यासाठी तुरुंगात जावे लागले. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस येथे शेगातारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या कायरोप्रॅक्टरवर ऑस्टिओपॅथीची, म्हणजे हाडे-सांधे हाताळण्याच्या आणखी एका उपचारपद्धतीची, विनापरवाना प्रॅक्टिस केल्याचा खटला उभा राहिला. त्याचे वकील टॉम मॉरिस यांनी बचाव मांडला तो असा, की कायरोप्रॅक्टिक ही ऑस्टिओपॅथी नव्हे आणि वैद्यकही नव्हे, तिचे तत्त्वज्ञान वेगळे आहे, म्हणून तिला तो कायदा लागूच होत नाही. ज्यूरीने मोरिकुबोला निर्दोष सोडले. या निकालाने व्यवसायाला जगण्याची युक्ती दिली आणि तिच्याबरोबर एक बेडीही घातली. कारण आता 'सरकलेला मणका' ही केवळ वैद्यकीय कल्पना उरली नाही, ती कायद्यापुढची ढाल झाली. ती खाली ठेवणे म्हणजे आपण परवान्याविना वैद्यकी करतो, असे कबूल करण्यासारखे होते. पामरचा मुलगा बी. जे. पामर याने शाळेची सूत्रे हाती घेतली, क्ष-किरण यंत्र आणले, पुढे रेडिओ केंद्र चालवले आणि मणके हेच सर्वस्व मानणारा कर्मठ पंथ घडवला. व्यायाम, आहार, शेक-मसाज यांची जोड देणारे दुसरे कायरोप्रॅक्टर या कर्मठांच्या लेखी भेसळ करणारे ठरले. हे भांडण आजही पुरते मिटलेले नाही.

कायद्याची मान्यता एकेका राज्यातून मिळत गेली. कॅन्सासने १९१३ मध्ये पहिला कायदा केला, कॅलिफोर्नियात १९२२ मध्ये मतदारांनीच सार्वमताने परवाना मंडळ आणले, आणि सर्वांत शेवटी १९७४ मध्ये लुईझियाना आले. परवान्याबरोबर परीक्षा आल्या आणि परीक्षांबरोबर अभ्यासक्रम. काही महिन्यांत पदवी देणाऱ्या जुन्या शाळा बंद पडल्या किंवा त्यांना चार वर्षांचे महाविद्यालय व्हावे लागले. १९७४ मध्येच अमेरिकी शिक्षण खात्याने कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या परिषदेला अधिकृत दर्जा दिला. पण जुना सिद्धांत आता आणखी एका जागी रुतून बसला, तो म्हणजे विम्याच्या बिलात. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत १९७२ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरांना जागा दिली, ती मणक्याचे 'सब्लक्सेशन', म्हणजे तेच मणक्याचे सरकणे, हाताने दुरुस्त करण्यापुरतीच. ते क्ष-किरण चित्रात दिसले पाहिजे, अशीही अट होती. ही अट २००० साली गेली, पण शब्द राहिला. म्हणजे ज्याला या शब्दाचा फोलपणा कळला आहे, त्या कायरोप्रॅक्टरलाही बिलासाठी तोच शब्द लिहावा लागतो. कायदा आणि पैसा एखाद्या कल्पनेला चिकटले की तिचा पुरावा संपल्यावरही ती मरत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

येथे कायरोप्रॅक्टिकचे समर्थक एक आक्षेप घेतील, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ते म्हणतील, या व्यवसायाला ढाल धरावी लागली, कारण त्याचा गळा दाबला जात होता. हे खरेच आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टिक रोखणे, जमल्यास संपवणे, हे तिचे उद्दिष्ट होते. डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरकडे रुग्ण पाठवणे किंवा त्याच्याबरोबर काम करणे हे आचारसंहितेत बसत नव्हते. चेस्टर विल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली असोसिएशनला न्यायालयात खेचले. पहिला निकाल विरोधात गेला, अपिलात तो फिरला, फेरसुनावणी झाली, आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी असोसिएशनला बेकायदा बहिष्काराबद्दल दोषी धरले. १९९० मध्ये वरच्या न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. कायरोप्रॅक्टिकच्या वर्तुळात या निकालाचा उल्लेख विजयपत्रासारखा होतो, पण त्यातली महत्त्वाची गोष्ट बहुधा वगळली जाते. हा निकाल म्हणजे कायरोप्रॅक्टिकच्या शास्त्रीयतेवर शिक्कामोर्तब नव्हे, असे न्यायाधीशांनी स्पष्ट केले होते. बहिष्कार अन्यायाचा होता, एवढेच सिद्ध झाले. अन्याय सोसला म्हणून मत खरे ठरत नाही. उलट बहिष्कार उठल्याचा खरा लाभ असा झाला, की कायरोप्रॅक्टरना डॉक्टरांबरोबर संशोधनात उतरता आले आणि आपले दावे त्यांच्याच काट्यावर तोलून घेता आले.

आज अमेरिकेत कायरोप्रॅक्टर होण्याची वाट सोपी नाही. महाविद्यालयात सुमारे तीन वर्षांचे, विज्ञानाचा भरणा असलेले शिक्षण, मग चार वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम, त्यात किमान ४,२०० तासांचे अध्यापन, राष्ट्रीय मंडळाच्या चार भागांच्या परीक्षा आणि शेवटी राज्याचा परवाना. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही ४,२०० तास आणि त्यांपैकी किमान १,००० तास देखरेखीखालचे रुग्णकाम हाच आकडा आहे. शरीररचना, विकृतिशास्त्र, मज्जासंस्था, क्ष-किरण चित्रे वाचणे हे सारे विद्यार्थ्याला शिकावे लागते. पण तास मोजून शहाणपण मोजता येत नाही. प्रश्न हा आहे, की या तासांत विद्यार्थ्याला कोणती दृष्टी दिली जाते. त्याच इमारतीत सकाळी विकृतिशास्त्राचा तास आणि दुपारी पामरच्या उपजत शक्तीचे तत्त्वज्ञान शिकवले जात असेल, तर बाहेर पडणारा पदवीधर या दोहोंपैकी कशाला प्रमाण मानील हे त्याच्या स्वभावावर आणि कर्जाच्या हप्त्यांवर अवलंबून राहते. अमेरिकी महाविद्यालयांत हे द्वैत अजून आहे. काही संस्था पुराव्याच्या बाजूने स्पष्ट उभ्या आहेत, काही जुन्या पंथाच्या.

डेन्मार्कने हे द्वैतच काढून टाकले, म्हणून तेथला दाखला मला सर्वांत बोलका वाटतो. ओडेन्सच्या सदर्न डेन्मार्क विद्यापीठात १९९४ पासून कायरोप्रॅक्टर घडवले जातात. तीन वर्षांच्या पहिल्या पदवीत ते बरेचसे विषय वैद्यकाच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकतात, पुढे दोन वर्षे पदव्युत्तर शिक्षण घेतात आणि एक वर्ष देखरेखीखाली काम केल्यावरच त्यांना स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते. सरकारी आरोग्य विमा त्यांच्या शुल्काचा काही भाग उचलतो आणि रुग्ण थेट त्यांच्याकडे जाऊ शकतो. पाठदुखीसाठी समुपदेशन आणि व्यायाम यांची सांगड घालणारा ग्लॅड बॅक हा कार्यक्रम याच विद्यापीठातल्या संशोधकांनी आखला आहे. ज्या व्यवसायाची ओळख हाताच्या झटक्याशी जोडलेली, त्याच्याच अभ्यासकांनी रुग्णाला उपचाराच्या टेबलावरून उठवून व्यायामाच्या वर्गात पाठवावे, ही साधी बाब नाही. वेगळे तत्त्वज्ञान सोडले तर आपले वेगळेपण संपेल, ही भीती डेन्मार्कमध्ये खोटी ठरली. तेथे कायरोप्रॅक्टर हा पाठ-मानेच्या दुखण्याचा दारातला पहिला जाणकार म्हणून ओळखला जातो, आणि त्याला एवढी ओळख पुरते.

असा जाणकार रुग्णाशी वागतो कसा, हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण दाव्यांचा आवर तेथेच कसाला लागतो. पहिल्या भेटीत हात लावण्याआधी तो बराच वेळ ऐकण्यात घालवतो. दुखणे कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने उतरते, काम काय, झोप कशी, आधी काय काय करून झाले. या गप्पांआड त्याचा एक कान धोक्याच्या खुणांकडे असतो. रात्री पडून राहिले तरी न थांबणारी कळ, कारण नसताना उतरलेले वजन, ताप, पूर्वी झालेला कर्करोग, ठिसूळ हाडांच्या वयात झालेले पडणे, पायातली ताकद जाणे, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. यांतले काही आढळले तर त्याचे काम रुग्णाला योग्य डॉक्टरकडे धाडण्याचे असते, आणि शेवटच्या दोन खुणांत तर त्याच दिवशी रुग्णालयात. मग तपासणी. पाय सरळ ठेवून उचलून पाहणे, गुडघ्या-घोट्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया बघणे, पायाच्या अंगठ्याची ताकद जोखणे. धोक्याची खूण नसेल तर लगेच एमआरआय काढायला तो सांगत नाही, कारण चित्रे घाबरवतात. ज्यांना अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या चित्रांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसली होती. आपल्याकडे 'मणक्यात गॅप आली' किंवा 'गादी सरकली' असे ऐकून माणूस आयुष्यभर वाकायला भितो. ही भीती काढणे हा उपचारच असतो, आणि त्याला हात लावावा लागत नाही.

त्यानंतर येतो तो हात. रुग्णाला कुशीवर किंवा पालथे निजवून, सांधा त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत नेऊन, तेथे एक छोटा, वेगवान, मोजका झटका दिला जातो. कट् असा आवाज येतो आणि मणका जागेवर बसला असे रुग्णाला वाटते. रुळावरून घसरलेला ड्रॉवर धक्का देऊन बसवावा तसे काहीतरी झाले, अशी त्याची समजूत होते. तसे काही झालेले नसते. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये कमरेच्या मागच्या सांध्यावर झटक्याआधी आणि नंतर अत्यंत अचूक क्ष-किरण मोजमाप केले, तेव्हा हाडांच्या जागेत बदल आढळला नाही. आवाजाचेही तसेच. सांध्याच्या पृष्ठभागांमध्ये असलेल्या द्रवात एकाएकी वायूची पोकळी तयार होते आणि तो आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने बोटे मोडतानाची एमआरआय चित्रफीत काढून ही पोकळी प्रत्यक्ष दाखवली. मग आराम कशाने पडतो? नसा आणि स्नायूंना मिळणारी वेगळी संवेदना, काही काळ सैल होणारी आवळण, हालचालीची भीती कमी होणे, आणि आपल्याकडे कुणी तरी लक्षपूर्वक पाहिले ही जाणीव, अशा अनेक गोष्टींचा तो एकत्र परिणाम असावा, असे आजचे संशोधन मानते. प्रामाणिक कायरोप्रॅक्टर रुग्णाला एवढेच सांगतो आणि हाड बसवल्याची बढाई मारत नाही.

प्रामाणिकपणा सांभाळून सांगता येईल असे काही उरते का, हा खरा प्रश्न. उरते, पण माफक. ब्रिटनमध्ये १९९० मध्ये ७४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांना रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेलेल्यांपेक्षा अधिक आराम पडला. तेथेच २००४ मध्ये १,३३४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तीत हाताचा उपचार आणि नंतर व्यायाम या जोडीचा तीन महिन्यांनंतर मध्यम आणि वर्षानंतर अल्प लाभ दिसला. २०१७ मध्ये ताज्या पाठदुखीवरच्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा वेदनेच्या शंभराच्या मापावर सुमारे दहा अंकांचा फरक आला. २०१८ मध्ये ७५० अमेरिकी सैनिकांवरच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड दिल्यावर सहा आठवड्यांत मध्यम सुधारणा आढळली. २०१९ मध्ये जुनाट पाठदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा, ९,२११ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की हा उपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच चालतो. त्यांच्याहून सरस नाही, वाईटही नाही. ज्या दुखण्याने २०२० मध्ये जगभर सुमारे ६२ कोटी लोक ग्रासलेले होते आणि ज्याच्यावर अफूजन्य गोळ्या देऊन अमेरिकेने आपले हात पोळून घेतले, तेथे 'इतरांइतकाच' आणि गोळीविना, हे उत्तर क्षुल्लक नव्हे. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत याचा समावेश केला, तो याच हिशेबाने.

यावर व्यवहारी माणूस विचारील, आराम पडतो ना? मग मणका सरकला म्हणा की नसा शांत झाल्या म्हणा, रुग्णाला त्याचे काय? त्याचे बरेच काही असते, कारण सिद्धांत खिशाशी आणि पाळण्याशी जाऊन भिडतो. मणका सरकण्याचा रोग मानला की तो पुन्हा सरकू नये म्हणून दर आठवड्याला, आयुष्यभर, दुखत नसतानाही येत राहा असे सांगता येते आणि वर्षभराचे पॅकेज आगाऊ विकता येते. मणक्यातून सगळे रोग येतात असे मानले की दमा, कानाचे विकार, तान्ह्या बाळाचे रडणे, सारेच आपल्या टेबलावर आणता येते. पण १९९८ मध्ये मुलांच्या दम्यावर चाचणी झाली तेव्हा खऱ्या झटक्यात आणि लुटुपुटूच्या झटक्यात फरक निघाला नाही. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने २००८ मध्ये अशा दाव्यांवर टीका केली, तेव्हा तेथल्या कायरोप्रॅक्टिक संघटनेने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. २०१० मध्ये अपील न्यायालयात सिंगची सरशी झाली, संघटनेला खटला मागे घ्यावा लागला आणि दरम्यान असंख्य दवाखान्यांना जाहिरातीतले दावे पुसावे लागले. त्याच वर्षी ब्रिटनच्या नियामक परिषदेने सांगून टाकले, की सब्लक्सेशन हे रोगाचे कारण असल्याचा दावा करण्याजोगा पुरावा नाही. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यांवर असा उपचार करण्यास नियामक मंडळाने मनाई केली. या प्रत्येक ठिकाणी धोका हातांत नव्हता, हातांना मोकाट सोडणाऱ्या सिद्धांतात होता.

उलट बाजूचा आक्षेप अधिक धारदार आहे. ताजी पाठदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत आपोआप बरीच उतरते, तेव्हा श्रेय काळाचे, नाव कायरोप्रॅक्टरचे. आणि मर्यादित, पुराव्याचे एवढेच काम करायचे तर ते फिजिओथेरपिस्ट करतोच, मग स्वतंत्र व्यवसाय हवा कशाला? पहिल्या भागात बरेच तथ्य आहे. म्हणून तर चांगला कायरोप्रॅक्टर ठरावीक भेटींनंतर पुन्हा मोजमाप करतो आणि फरक नसेल तर थांबतो. न थांबणारा उपचारक काळाचे श्रेय चोरत असतो. दुसऱ्या भागाला मी अंशतः मान तुकवतो. कोऱ्या पाटीवर आरोग्यव्यवस्था लिहायची असती तर या स्वतंत्र व्यवसायाची गरज पडली नसती. पण व्यवस्था कोऱ्या पाटीवर लिहिली जात नाही. जेथे हजारो प्रशिक्षित माणसे आहेत आणि कोट्यवधी पाठी दुखत आहेत, तेथे त्या माणसांना शिस्तीत आणणे हे त्यांना हाकलण्यापेक्षा शहाणपणाचे. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनीही तेच सुचवले आहे. हाताचा उपचार द्या, पण व्यायामाच्या जोडीने द्या. तो कुणी द्यावा, हा प्रश्न त्या मानाने गौण आहे.

धोक्याचाही हिशेब मांडला पाहिजे. कमरेवरच्या झटक्याने बहुधा दिवस-दोन दिवस अंग ठणकते, गंभीर इजा विरळा. मानेचे तसे नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. कॅनडाच्या ऑन्टॅरियो प्रांतात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पक्षाघाताचे ८१८ रुग्ण तपासले. तरुण रुग्णांत तो आधीच्या कायरोप्रॅक्टर-भेटीशी जोडलेला दिसला, पण तितकाच साध्या फॅमिली डॉक्टरच्या भेटीशीही. म्हणजे वाहिनी आधीच फाटू लागल्याने मान-डोके दुखून माणूस उपचाराला गेला असण्याची शक्यता मोठी. त्याने झटका निर्दोष ठरत नाही. फाटू लागलेल्या वाहिनीवर झटका देणे हे कोणत्याही हिशेबात शहाणपण नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितले तेच वाजवी आहे. धोका विरळा आहे, संबंध आढळतो, तेव्हा रुग्णाला आधी सांगून त्याची संमती घ्या. पूर्वी कधी झाली नव्हती अशी अचानक आलेली मान-डोकेदुखी, भोवळ, दुहेरी दिसणे, बोलताना जीभ अडखळणे असे काही असेल तर हात मागे घ्यायचा, एवढे तरी प्रशिक्षणाने हाडीमाशी खिळवलेच पाहिजे.

हे सारे मराठी वाचकाला दूरचे वाटू नये. पाठीला हात लावणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. उसण भरली की हाडवैद्य आहे, तालमीतली मालिश आहे, आणि केस कापून झाल्यावर न विचारता मान मोडून देणारा सलूनवालाही आहे. आता त्यांत मुंबई-पुण्यातल्या कायरोप्रॅक्टिक दवाखान्यांची आणि मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींची भर पडली आहे. या चित्रफितींत कडाड् आवाज हाच उपचार असतो, रुग्णाचा इतिहास कधी ऐकू येत नाही आणि सहा महिन्यांनी त्याचे काय झाले तेही दिसत नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांसाठी राज्याची परिषद आहे, कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद भारतात नाही. परिणामी परदेशात चार वर्षे शिकून आलेला आणि आठवड्याच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेतलेला, दोघांच्या पाट्या रस्त्यावरून सारख्याच दिसतात. नोंदणी नसली की वाईटाला रोखता येत नाही, हे सगळ्यांना कळते. चांगल्याला आपले चांगलेपण सिद्धही करता येत नाही, हे कमी कळते. शिकलेल्या कायरोप्रॅक्टरलाच कायद्याची गरज सर्वांत जास्त आहे.

तो कायदा आज ना उद्या करावा लागेल, आणि तेव्हा अमेरिकेची चूक टाळता येईल. तेथे कायद्याने व्यवसायाला त्याच्या सिद्धांताच्या नावाने ओळखले, आणि बिलातून तो शब्द अजून निघालेला नाही. आपल्याकडे कायदा कामाच्या नावाने व्हावा: पाठ, मान आणि सांध्यांचे दुखणे, धोक्याच्या खुणांची तपासणी, संमती, भेटींची मर्यादा, आणि तान्ह्या मुलांना व इतर रोगांना हात लावण्यास स्पष्ट मज्जाव. तोवर रुग्णाच्या हाती कसोटी आहे, आणि ती पदवीच्या चौकटीपेक्षा भरवशाची आहे. समोरच्याला विचारावे, तुम्ही कशावर उपचार करत नाही, कोणत्या खुणा दिसल्या तर मला दुसरीकडे पाठवाल, आणि किती भेटींत फरक पडला नाही तर थांबाल. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे तयार असतील त्याच्या हाती पाठ द्यायला हरकत नाही. मणक्यातून सारे रोग बरे करण्याचे आश्वासन जो देतो, तो अजून १८९५ च्या डॅव्हनपोर्टमध्येच राहतो आहे, मग त्याच्या दवाखान्याची पाटी कितीही नवी असो.